शीबाईंच्या चिमट्यातली बी

शीबाईंना हे नाव कुणी ठेवलं यावर कार्यालयात तीन मतं आहेत, आणि तिन्ही मतंवाले ते श्रेय स्वतःकडे घेतात. का ठेवलं याबद्दल मात्र दुमत नाही. बाई सकाळी नऊला आल्या की दाराची मूठ रुमालाने धरत आणि म्हणत, "शी!" मग खुर्ची पुसत. "शी!" मग टेबलावर कुणीतरी काल विसरलेला चहाचा कप, तळाशी वाळलेली ती तपकिरी चकती. "शी, शी, शी!" छपाईची पानं लावणाऱ्या काकांनी एकदा गंमत म्हणून दिवसभर पेन्सिलीने रेघा मारल्या. त्रेसष्ट भरल्या, आणि त्या दिवशी बाई अर्ध्या रजेवर होत्या.

अशा बाईच्या नशिबी काम काय यावं? तर वर्तमानपत्राची मुलांची पुरवणी. 'टिवल्याबावल्या' तिचं नाव, दर शनिवारी चार पानं. पहिलं पान रंगीत, त्यावर सिनेमा आणि मालिकांच्या बातम्या. दुसऱ्यावर 'काय सांगता!' हे सदर, जगातल्या चमत्कारिक पण खऱ्या गोष्टींचं. तिसऱ्यावर कुणी कधी न ऐकलेले खेळ, चौथ्यावर कोडी आणि मुलांची पत्रं. हे सगळं बाई एकट्या करत, हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या टेबलावर बसून. ते टेबल त्यांनी भांडून मिळवलं होतं.

आता मुलं म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. बाईंनी एकदा चंद्रावर मनापासून एक सुंदर मजकूर लिहिला. दोन पत्रं आली, त्यातलं एक चुकून आलेलं. पुढच्या शनिवारी त्यांनी लिहिलं की माशीला पायांनी चव कळते, म्हणजे ती तुमच्या ताटावर बसली की आधी त्यात पाय बुडवते आणि मग ठरवते. एकशे चाळीस पत्रं! सगळ्यांचं म्हणणं एकच, "बाई, मस्त! अजून घाण लिहा."

बाई नाक मुरडून अजून घाण लिहीत राहिल्या. बावीस वर्षं.

आणि नुसतं लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांचा एक नियम होता. स्वतः करून पाहिल्याशिवाय, आणि ते जमण्यासारखं नसेल तर ज्यांनी केलंय अशा दोघांना विचारल्याशिवाय, एक ओळ छापायची नाही. हा नियम पहिल्याच वर्षी त्यांच्या अंगाला येऊन चिकटला. त्यांनी कुठूनतरी उचलून छापलं होतं की माणसाला उलटं लटकून पाणी पिता येत नाही. चार दिवसांनी एका मुलीचं कार्ड आलं. "बाई, मी दांडीला उलटी लटकून एक पेला प्यायले. थोडं नाकातून आलं, बाकी पोटात गेलं. तुम्ही प्यायलात का?"

बाईंना ते नाकातून आलेलं पाणी डोळ्यांसमोर दिसलं, त्यांनी रुमाल नाकाला लावला. पण त्याहून जास्त खुपला तो शेवटचा प्रश्न. त्यांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली सरकवलं. ते आजही तिथेच आहे.

तेव्हापासून घरचे हाल सुरू झाले. गोगलगाय मिनिटाला किती सरकते हे पाहायला बाईंनी ती न्हाणीघरात स्वतःच्या पट्टीवरून चालवली, आणि मागे राहिलेली ती चकचकीत, बुळबुळीत रेघ बघून दोन दिवस जेवल्या नाहीत. साडेपाच सेंटीमीटर. डोकं उडालेलं झुरळ किती जगतं यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या पेल्याखाली झुरळ ठेवलं. रोज सकाळी पदर नाकाला लावून बघायच्या. मेल्याने पाचव्या दिवसापर्यंत मिशा नसलेलं धड हलवलं.

"अगं, पाहुण्याला जेवायला काय वाढतेस?" नवरा विचारायचा.

नवऱ्याचा धंदा तुंबलेली गटारं आणि नळ मोकळे करण्याचा. कोपरापर्यंत कशातही हात घालेल, धुवेल आणि डबा उघडून बसेल. देवाने जोड्या जमवताना कधीकधी मजा केलेली असते, दुसरं काय! बाईंचा पोलादी मोजपट्टीचा टेपही त्याच्याच पेटीतला होता. तो त्यांनी तीनदा उकळला होता.

पुरवणीची दरवर्षी एक स्पर्धा असे. तिसऱ्या पानावरच्या खेळांपैकी एखादा मुलांकडून करवून घ्यायचा. उलटं धावणं झालं. एका पायावर उभं राहून सदरा घालणं झालं. उशीवर बसून जिना उतरणं झालं, त्यात एकाची उशी फाटली आणि कापूस आठवडाभर निघत होता. मोजायचं काम बाईंचं. त्यांनी आकडा सांगितला की पोरं भांडत नसत. ज्याचं नाव छापून यायचं तो कात्रण पलंगाशी चिकटवायचा. बाईंनी मोजलंय म्हणजे मोजलंय.

मग मालकांचे जावई आले.

जावईबापूंनी आधी गाद्यांचा धंदा केला होता. तो झोपवल्यावर सासऱ्यांनी त्यांच्या हाती वर्तमानपत्र दिलं, म्हणाले, बघा काय ते. माणूस अत्तराचा शौकीन. ते जिन्यात असले की बाईंना वरच्या मजल्यावर शिंक यायची.

"बाई," ते एक दिवस टेबलाच्या काचेवर पालथा हात टेकवून म्हणाले, आणि बाई त्या हाताच्या घामाच्या ठशाकडे बघत राहिल्या. "मुलांना घाण आवडते ना? मग यंदा थुंकायची स्पर्धा."

"काय?"

"कलिंगडाची बी. तोंडात धरायची आणि फूऽऽ! ज्याची लांब जाईल तो जिंकला. बाहेर खेळतात लोक असं, खरोखर."

"माहीत आहे मला. दोनदा छापलंय. पण छापणं वेगळं आणि माझ्यासमोर चाळीस तोंडं... शी!"

"चाळीस नाही, एक्केचाळीस. आपला उडता हिरो येतोय." मालिकेत दर भागात छपरावरून उडी मारणारा एक नट होता. मुलं त्याच्यावर खुळी झाली होती. "तोसुद्धा थुंकणार. पहिलं पान सोन्याचं होतं की नाही बघा!"

गुरुवारी सकाळी एका शाळेच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत बाकं कडेला सरकवली. फरशीवर खडूची रेघ मारली. बाई हातमोजे घालून, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी लावून गुडघ्यांवर बसल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. बी जिथे थांबेल तिथे खडूने गोल काढायचा, गोलात क्रमांक लिहायचा. आधी माप, मग चिमटा. भुवया कोरायच्या चिमट्याने बी उचलायची, औषधाच्या कागदी पुडीत घालायची, पुडीवर क्रमांक आणि आकडा लिहायचा. प्रत्येकाला तीन संधी, लांब गेलेली धरायची.

आणि मग सुरू झालं. काय सांगू! कुणाची बी गेली आणि मागून लाळेची तार लोंबत राहिली. कुणी बीसकट गराचा गोळा फेकला, तो बाईंच्या मनगटावर येऊन बसला, लिबलिबीत आणि कोमट. एकाने जोर करताना दुसऱ्याच कुठूनतरी आवाज काढला आणि सगळी खोली पाच मिनिटं हसत लोळली. एकाला सर्दी होती. त्याबद्दल न बोललेलं बरं. बाई दर बीला शी म्हणत होत्या, तरी टेप सुतासारखा सरळ होता.

"बाई, तुम्ही शी म्हणालात की बी हलते," एक पोरगी म्हणाली. नऊएक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिला सगळे खिडकी म्हणत होते. शेजारी तिची आजी नातीचं एकच दप्तर तीन असल्यासारखं सांभाळत उभी होती.

"तू आपली बी बघ," बाई म्हणाल्या. "सराव केलायस?"

"जिन्यावरून केलाय. खालच्या काकूंनी तक्रार केली."

"दोनदा," आजी म्हणाली. "त्यांच्या डोक्यावरच्या टॉवेलात सापडली."

खिडकीने बी जिभेने त्या फटीत बसवली, डोळे मिटले आणि असं काही फुंकलं की बी सरळ भिंतीकडे निघाली. बाई टेप घेऊन गुडघ्यांवर रांगत गेल्या. पाच मीटर त्रेसष्ट. पुन्हा मोजलं. पाच त्रेसष्टच. खोलीत एकच ओरडा झाला. खिडकी म्हणाली, "पलंगाशी चिकटवायला जागा करून ठेवलीये मी. आजीने तिथला आरसा काढला."

मग हिरो आला. चेहऱ्यावर रंगाचा थर असा की हसला तर भेग पडेल. पहिली बी त्याने गिळली. दुसरी ओठाच्या लालीला चिकटून बसली, ती त्याने नखाने काढून फरशीवर पुसली. तिसऱ्या वेळी त्याने कंबर मागे वाकवली, गाल फुगवले, फोटोवाल्याकडे बघितलं आणि फुंकलं. बी त्याच्याच बुटाच्या टोकावर पडली.

बाईंनी रेघेपासून बुटापर्यंत टेप लावला. "शून्य मीटर एकोणीस."

"वा! वा!" जावईबापू एकटेच टाळ्या वाजवत होते.

हिरोने इकडेतिकडे बघितलं, बाईंच्या हातातला पांढराशुभ्र रुमाल ओढला, त्याने तोंड पुसलं, आतून बाहेरून, आणि "थँक्यू हं, मावशी" म्हणत परत दिला. त्यावर लाळ होती, लाली होती आणि थोडा चेहराही होता. बाई शी म्हणाल्या नाहीत. त्यांच्याकडे तेवढा श्वासच उरला नव्हता. त्यांनी रुमाल चिमट्याने उचलून एका मोठ्या पुडीत घातला आणि सवयीने वर क्रमांक लिहिला. बेचाळीस.

बाई दुपारी दोनला कार्यालयात पोचल्या. टेबलावर रंगीत पानांचा गठ्ठा होता. वर हिरोचा फोटो, गाल फुगलेले, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत: 'आठ मीटर! उडत्या हिरोने मारली बाजी!'

"काका, हे कधी छापलं?"

"मंगळवारी." पानं लावणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "रंगीत यंत्र मंगळवारीच चालतं. बावीस वर्षं मंगळवारीच चालतंय."

"स्पर्धा आज झाली."

"म्हणून तर म्हणतो, जावईबापू फार पुढचा विचार करतात."

आता तिढा असा होता. रंगीत पान मंगळवारी छापून व्हायचं, पण आतली काळीपांढरी पानं गुरुवारी चारला यंत्रावर चढायची. म्हणजे तिसरं पान अजून बाईंच्या हातात होतं, दोन तास.

जावईबापू अत्तरासकट आले. "तिसऱ्या पानावर तेवढं जुळवून घ्या. पहिला नंबर आठ मीटर, दुसरी ती दात नसलेली."

"त्यांनी बी गिळली."

"गाल फुगवले की नाही? फोटो काय खोटा आहे?"

"बुटावर पडली त्यांची. एकोणीस सेंटीमीटर. मुलांनी बघितलंय."

"चाळीस मुलांनी. वाचणारी हजारो आहेत. मुलांना काय कळतंय, बाई?"

"मुलांनाच कळतं. एवढे मोठे आठ मीटर कोण थुंकेल हो? तुम्ही थुंकलात का?"

जावईबापूंचा चेहरा कडक झाला. "आठ लिहा. नाहीतर सोमवारपासून निधनाच्या जाहिराती घ्या. तिथे सगळं खरंच असतं."

ते गेल्यावर बाईंनी बेसिनवर हात धुतले. मग पुन्हा धुतले. सकाळच्या एक्केचाळीस तोंडांची घाण साबणाने निघाली होती, पण ही जी आत्ता टेबलाला टेकून गेली होती ती निघत नव्हती. बाईंना वाटलं, आपण बावीस वर्षं गोगलगाईला, झुरळाला, शेंबडाला शी म्हणालो. बिचाऱ्यांनी आपल्याला कधी फसवलं नाही. घामाचा तो ठसा अजून काचेवर होता, अगदी त्या कार्डाच्या वर. त्यांनी तो पुसला. खालची अक्षरं दिसली. तुम्ही प्यायलात का?

त्यांनी घरी फोन लावला. "अहो, टेप संध्याकाळी घेऊन जा. बहुतेक शेवटचंच मोजलं."

"का गं? तुटला?"

बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडे पाण्याचा खळखळाट होता. नवरा कुठल्यातरी खड्ड्यात उभा असावा. "मग लिही की खरं," तो म्हणाला. "निधनाच्या टेबलावर निदान कुणी थुंकत नाही. आणि टेप राहू दे तुझ्याकडे, तू उकळल्यापासून तो माझ्या पेटीत शोभत नाही."

बाईंनी पान लिहिलं. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस मापं. सगळ्यात वर खिडकी, तिच्या खऱ्या नावाने आणि इयत्तेसकट, पाच मीटर त्रेसष्ट. सगळ्यात खाली हिरो, शून्य मीटर एकोणीस, पुढे कंसात, 'पहिली गिळली, दुसरी ओठाला चिकटली.' त्याखाली: 'पहिल्या पानावरचा आकडा स्पर्धेच्या दोन दिवस आधी छापला आहे. सर्व बिया पुड्यांत जपून ठेवल्या आहेत, कुणीही येऊन पाहाव्यात.' आणि शेवटी, दर शनिवारी असायची ती ओळ: 'घरी करून पाहा आणि कळवा.'

काकांनी वाचलं. कपाळावरचा चष्मा खाली आणून पुन्हा वाचलं. "ही शेवटची ओळ ठेवू? या खेळाला?"

"बावीस वर्षं असते. राहू द्या."

काकांनी म्हणे ती ओळ एक माप मोठ्या अक्षरांत लावली. चावट म्हातारा!

सोमवारी बाई निधनाच्या टेबलावर बसल्या. कार्यालयातलं सगळ्यात स्वच्छ टेबल तेच. माणसं अंघोळ करून, पांढरे कपडे घालून येतात, हळू बोलतात, डोळे आपापल्या रुमालाने पुसतात. कुणी काही चिकट आणत नाही. बाईंना तर सुख वाटायला हवं होतं. काकांनी रेघा मारल्या, दिवसात अकराच भरल्या. काकांनाच ते बघवेना.

पुरवणी जावईबापूंनी स्वतःकडे घेतली. "त्यात काय आहे? चार पानं तर आहेत."

बुधवारी टपाल आलं. एरवी बाईंचं टपाल पिशवीत येई, या वेळी पोत्यात आलं. शिपायाने ते दोन बोटांनी ओढत आणलं आणि बेसिनशेजारी टाकून तो जो गेला तो दिसलाच नाही. दिवस उकाड्याचे. पोत्याला खालून ओल आली होती आणि माश्या जमल्या होत्या, त्या पाय बुडवून चव घेत होत्या.

जावईबापूंनी पहिलं पाकीट फाडलं. "आठ मीटर कोण थुंकतं? मी तीन मीटर दहा थुंकलो. बी सोबत आहे. माझं नाव छापा. तुम्ही थुंकलात का?" आणि पाकिटातून एक बी पत्रासकट चिकटून बाहेर आली. दुसऱ्यात चार बिया होत्या, चार भावंडांच्या, एकमेकींना धरून. तिसऱ्यात पुरावा म्हणून गरही होता, त्याला चार दिवसांत हिरवी लव आली होती. जावईबापूंची बोटं त्यात गेली. चौथ्यात, लेखकाने स्पष्ट लिहिलं होतं, बी सापडली नाही म्हणून थुंकीच पाठवली होती.

ते बेसिनकडे धावले. बेसिन दोन पावलांवर होतं. तरी पोचले नाहीत.

नेमकी त्याच वेळी खिडकी आजीला घेऊन जिना चढून आली. बी बघायला. पुडी कुणाला सापडेना, म्हणून काकांनी दोघींना कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाठवलं. आजीने टेबलावरची पाटी वाचली आणि छातीवर हात ठेवला. "अगंबाई, कोण गेलं?"

"कुणी नाही हो, आजी. मी बसलेय तात्पुरती." बाईंनी खणातून पुड्या काढल्या. खिडकीने स्वतःची बी बराच वेळ बघितली.

"सुकली," ती म्हणाली. "बाई, पुढच्या शनिवारी बाकीच्यांची मापं कोण छापणार? माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी पाठवल्यात."

तेवढ्यात अत्तर आलं, पण त्यात आता दुसराही एक वास मिसळला होता. जावईबापू भिंत धरून उभे होते, तोंड निमुळतं झालेलं, हनुवटी ओली. "बाई... ते... पोतं. तुम्हीच बघा."

"मी निधन बघते."

"बाई, अहो, कुणी हात लावायला तयार नाही!"

"रंगीत पान?" बाईंनी विचारलं. "मंगळवारी छापायचं असेल तर सोमवारपर्यंत जे झालंय तेच छापायचं."

"हो."

"तेही मी लिहिणार."

"हो हो, सगळं तुम्ही! पण आधी ते उचला. आणि मला काहीतरी द्या, तोंड पुसायला काहीतरी द्या!"

बाईंनी खणात बघितलं. आपला धुतलेला रुमाल त्यांच्या पिशवीत होता, घडी केलेला. त्यांनी एक क्षण विचार केला, मग चिमटा घेतला आणि बेचाळीस क्रमांकाची मोठी पुडी उघडून आतलं जावईबापूंच्या हातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून तोंड पुसलं, आतून बाहेरून.

खिडकीने आजीकडे बघितलं. आजीने छताकडे बघितलं.

बाई हातमोजे चढवत बेसिनशेजारच्या टेबलाकडे निघाल्या. पोत्यासमोर बसल्या, पदर नाकाला लावला, पहिल्या पाकिटात चिमटा घातला आणि ओढला. काहीतरी लांब, पिवळसर आणि चिकट त्याच्या टोकाला लोंबत वर आलं.

"शीऽऽ!"

पलीकडे काकांनी पेन्सिलीला टोक काढून घेतलं होतं. त्यांनी पहिली रेघ मारली.